विहाराच्या भिंतीवरचा पदवीधर

शहापूरच्या अभ्यासकेंद्रातल्या मॅडमनी माझा कागद आधी पूर्ण वाचला, मग उलटा करून त्याची कोरी पाठही बघितली. मागं काही लिहिलेलं सुटलं तर नाही ना, असा त्यांचा चेहरा होता. मी समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलो होतो. फौजेत सतरा वर्षं काढली की खुर्चीतसुद्धा पाठ सावधान होते, त्याला इलाज नाही.

"दादा, ही डिग्री नाही," त्या म्हणाल्या.

"डिग्रीच आहे मॅडम. वर लिहिलंय बघा, ग्रॅज्युएशन."

"लिहिलंय. पण खाली असंही लिहिलंय की नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीचं धरावं. एम.ए.साठी धरा असं कुठं लिहिलंय?"

मी कागद हातात घेतला आणि खालची ओळ वाचली. ती आधी वाचली नव्हती असं नाही. पण माणूस स्वतःची लग्नपत्रिका वाचतो तशी वाचली होती. आपलं नाव बरोबर छापलंय ना, एवढंच बघून.

"म्हणजे मी पदवीधर आहे का नाही?"

मॅडम भल्या होत्या. त्यांनी खरोखर विचार केला. "नोकरीला आहात," त्या म्हणाल्या, "इथं नाही."

आता हा कागद माझ्याकडं कसा आला ते सांगतो. बारावीनंतर मी मुरबाडच्या कॉलेजात जेमतेम तीन महिने गेलो आणि भरतीत निघालो. बाप मुरबाड-माळशेज रस्त्याच्या गँगमध्ये होता. आयुष्यभर त्यानं घाटापर्यंतचे खड्डे बुजवले. त्यामुळं घरात पगाराची नोकरी आल्यावर कॉलेज सुटल्याचं दुःख कुणी केलं नाही, मीही नाही. पण नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला शिक्षणाची उचकी लागली. टपालानं बी.ए.चा फॉर्म भरला. पुस्तकांचं पार्सल पठाणकोटला पोचलं तेव्हा आमची युनिट आसामात होती. पार्सल आमच्या मागं मागं फिरत आलं, ते परीक्षा होऊन गेल्यावर. पुढच्या वर्षी पुस्तकं वेळेत आली तर परीक्षेच्या वेळी आम्ही वर पोस्टवर. सुट्टी मागायला गेलो तर सुभेदार साहेबांनी शांतपणे विचारलं, "पेपर लिखेगा या पोस्ट संभालेगा?" यावर एक फौजी दुसरं काय उत्तर देणार?

त्याच वर्षी आमचे कॅप्टन साहेब दोन वर्षांसाठी एम.टेक. करायला गेले. पगारी. स्टेशनवर त्यांची ट्रंक मीच गाडीत चढवली. मला राग आला नाही असं लिहायचा मोह होतोय, पण खोटं कशाला बोलू, आला. साहेब चांगले होते, त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि "तू भी पढ़, छोड़ना मत" म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले, म्हणून आणखीच राग आला.

मग अकरा वर्षं गेली. मध्ये मी फौजेच्या शिक्षणाच्या परीक्षा देत राहिलो, नायक झालो, हवालदार झालो. पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि एक दिवस आमचा एज्युकेशन हवालदार पाकीट घेऊन आला. "बधाई हो, ग्रॅज्युएट हो गए." पंधरा वर्षांची नोकरी आणि त्या परीक्षा मिळून फौज हा कागद देते. त्या दिवशी आमच्या लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचा, कुकही पदवीधर झाला. डाळ मात्र त्यानं पूर्वीसारखीच केली.

मी कागदाचा फोटो काढून घरी पाठवला. बापाला फोन केला तर तो म्हणाला, "पंधरा वर्सं झाली, पंधरावी झाली. बरोबर हाय." त्याला यात काहीही गोंधळाचं वाटलं नाही. घोटाळा तिथंच झाला.

आमची बौद्धांची वस्ती टोकावड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडी आत आहे. वस्तीच्या विहारात शिरल्यावर डाव्या भिंतीवर निळ्या पट्ट्यात पांढऱ्या अक्षरांनी पदवीधरांची नावं लिहिलेली आहेत. पहिलं नाव गुरुजींचं. गुरुजी म्हणजे वस्तीतले निवृत्त शिक्षक, विहार समितीचे अध्यक्ष, वय ऐंशीच्या घरात. भिंतीची पद्धत त्यांनीच घातली. पदवी झाली की मार्कशीट घेऊन गुरुजींकडं जायचं, ते चष्मा लावून ती ओळ न् ओळ वाचणार, मग जयंतीच्या आदल्या दिवशी टोकावड्याचा पेंटर येऊन नाव लिहिणार आणि जयंतीला शाल आणि पेन. एक विषय राहिला तरी नाव नाही. वस्तीतल्या एका पोराचा एकच विषय दोन वर्षं निघत नव्हता. त्याच्या आईनं गुरुजींना किती विनवलं, गुरुजी हलले नाहीत. बाईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बापानं माझ्या कागदाचा प्रिंट काढला आणि गुरुजींकडं नेऊन दिला. जयंतीला माझं नाव भिंतीवर होतं, बाविसावं. मी तेव्हा राजस्थानात होतो. माझ्या वतीनं शाल माझ्या बायकोनं घेतली. फोटो आला, तो मी सगळ्या बराकीला दाखवला.

एम.ए. करायचं डोक्यात आलं ते त्यानंतर. आणखी काही वर्षांनी मी घरी येणार, तेव्हा चाळिशी ओलांडलेली असणार. निवृत्त फौजी म्हटला की लोकांना एटीएमसमोरची खुर्चीच दिसते. मला त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. मला वर्गात उभं राहायचं होतं. एम.ए., मग बी.एड., मग एखाद्या ज्युनिअर कॉलेजात इतिहास. इतिहासच का, तर उभ्या देशात फिरलोय, किल्ले न् लढाया बघितल्यात, सोपा जाईल असं वाटलं. सगळा बेत त्या एका कागदावर उभा होता आणि गेल्या वर्षी एक महिन्याची सुट्टी घेऊन मी त्यासाठीच आलो होतो.

शहापूरहून परतताना शेणव्याला बहिणीकडं थांबलो. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "ती बाई नवीन असंल. तू मुरबाडच्या केंद्रात जा." आमच्याकडं एका ऑफिसात काम झालं नाही तर दुसऱ्या ऑफिसातला माणूस देव असतो.

मुरबाडचा माणूस खरंच देवासारखा निघाला. त्यानं कागद हातातसुद्धा घेतला नाही. "फौजींना चालतं," म्हणाला. "फॉर्म भरून टाका, पुढं एलिजिबिलिटीत बघतील." मी त्याला तीनदा विचारलं, नक्की चालतं ना? तिन्ही वेळा त्यानं नक्की म्हटलं. बाहेर येऊन मी दोन वडापाव खाल्ले.

सायबर कॅफेत फॉर्म भरायला बसलो. कोणत्या विद्यापीठाची पदवी, यादीतून निवडा. यादीत देशातली सगळी विद्यापीठं होती, फौज नव्हती. कॅफेवाल्यानं 'इतर' दाबलं. टक्केवारी? कागदावर टक्के नव्हतेच. उत्तीर्ण झाल्याचं वर्ष?

"कागद आला ते वर्ष टाकू का पंधरा वर्षं टाकू?" त्यानं विचारलं.

"पंधरा वर्षं टाकता येतात?"

"नाय येत. चारच आकडे बसतात."

मुख्य विषय कोणता, या रकान्यापाशी आम्ही दोघंही अडलो. पंधरा वर्षांत माझा मुख्य विषय कोणता होता? शेवटी त्यानं तिथंही 'इतर' दाबलं आणि फॉर्म गेला.

आठ दिवसांनी मोबाइलवर संदेश आला: अपात्र. कारण विचारायला दोन ठिकाणी फोन केले. एकानं सांगितलं, युनिटकडून लिहून आणा की उच्च शिक्षणासाठीही हे मान्य आहे. एज्युकेशन हवालदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सर, हम कैसे लिखेंगे? मान्य तो यूनिवर्सिटी करती है." विद्यापीठाच्या नंबरवर पुन्हा फोन केला. तिथल्या मुलीनं सांगितलं, आम्ही फक्त पदवी मान्य करतो, समकक्ष काय ते ठरवणं आमच्याकडं नाही. मग कुणाकडं आहे? ते तिला माहीत नव्हतं. इतक्या गोड आवाजात कुणी माहीत नाही म्हटलं की माणसाला ओरडताही येत नाही. मी फोन ठेवला आणि अंगणातल्या बादलीला लाथ मारली.

नोकरीला पदवीधर, परीक्षेला बारावी पास. भिंतीवर पदवीधर, फॉर्मात 'इतर'. मला खरंच कळेना की मी कोण. आणि गंमत अशी की यात कुणी खोटं बोललेलं नव्हतं. फौजेनं कागदावर खरं तेच लिहिलं होतं. शहापूरच्या मॅडमनी तो नीट वाचून दाखवला होता. मुरबाडच्या माणसानंही 'पुढं बघतील' म्हटलं होतं आणि पुढं त्यांनी बघितलंच.

रोज सकाळी मी रस्त्याला धावायला जातो, त्या वाटेवर विहार आहे. त्या आठवड्यात मी वाट बदलली. धावायचं ते धावायचं, पण पाठीमागनं, शेतातनं. बापाच्या लक्षात आलं. "तिकनं काटं हायेत," एवढंच तो बोलला. चौथ्या दिवशी मला माझीच शरम वाटली आणि मी गुरुजींच्या घरी गेलो.

गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "गुरुजी, माझं नाव पुसा. ती डिग्री नाय. मला एम.ए.ला घेतलं नाय."

त्यांनी पेपराची घडी केली. "कागद मी वाचला होता."

"खालची ओळ?"

"ती पण."

"मग लिहिलंत कशाला?"

"तुझा बाप समोर बसला होता," गुरुजी म्हणाले. "नवीन शर्ट घालून. मला वाटलं, सरकार नोकरीसाठी धरतंय तर आपण वस्तीसाठी धरू."

माझा आवाज चढला. त्यांच्यासमोर आजवर कधी चढला नव्हता. "एका विषयासाठी तुमी त्या पोराला दोन वर्सं बाहेर ठेवलात. आणि माझा एकबी पेपर न बघता नाव लिवलात?"

गुरुजींनी घडी केलेला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चुकलं माझं. पण लिहायचं मी ठरवतो, पुसायचं वस्ती ठरवते. रविवारी वंदनेनंतर ये."

रविवारी वंदना झाली आणि सगळे बसून राहिले. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. गुरुजींनी उठून सगळं जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. मग जो गोंधळ सुरू झाला त्यात कुणाचं कुणाला ऐकू येईना. एक म्हणाला, बॉर्डरवर उभं राहणाऱ्याला कसली परीक्षा विचारता? दुसरा म्हणाला, मग बॉर्डरची वेगळी भिंत करा. तिसऱ्यानं तोडगा काढला, नाव राहू द्या, पुढं कंसात 'फौज' लिहा. यावर दोघं-तिघं खूश झाले. ज्या पोराचा विषय राहिला होता त्याची आई म्हणाली, "ठेवा की नाव, मी कुठं नको बोलते? पण मग माझ्या पोराचं दोन वर्सं आधी लिवायला पायजे होतं." तो पोरगा आता भिंतीवर होता, माझ्या खाली, तेविसावा. तो खाली मान घालून बसला होता.

बाप हळूच म्हणाला, "पुसलं तर लोकं बोलतील, फौजी खोटा."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, राहू दे नाव. कंसात 'फौज' काय वाईट आहे? मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायांच्या बाजूनं माझी बायको उठली.

ती बैठकीत कधी बोलत नाही. घरी बोलते, तिथं माझं काही चालत नाही, पण विहारात कधी नाही. पदर खोचून ती उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता गुरुजींना म्हणाली, "पुसा."

"माझे सहा पेपर राहिलेत," ती म्हणाली. "तिसऱ्या वर्साचे. म्हनून माझं नाव नाय, आनि ते बरोबरच हाय, मी कदी तक्रार केली नाय. ह्यांचे तर सगळेच राहिलेत."

आधी हशा पिकला. मीही हसलो. मग हसणारे एकेक करून थांबले, कारण ती हसत नव्हती. ती खाली बसली. गुरुजींनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? मग त्यांनी पेंटरला निरोप द्यायला सांगितलं.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. त्याच आठवड्यात पेंटर आला आणि बाविसाव्या ओळीवर निळा रंग फिरला. बाप त्या दिवशी शेतावर गेला. मी सुट्टी संपायच्या आत बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला, बारावीच्या मार्कशीटवर, आणि कुठल्याही रकान्यात 'इतर' लिहावं लागलं नाही. युनिटची परवानगी मिळाली. परीक्षा आणि पोस्ट एकाच वेळी आली तर काय, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. एम.ए. आता आणखी तीन वर्षं लांब आहे. बायकोचाही फॉर्म भरायचा आहे, पण तिचं जुनं दुसरं वर्ष इतक्या काळानंतर धरतात की नाही, यावर शहापूरचं आणि मुरबाडचं अजून एकमत झालेलं नाही. मी दोन्हीकडं फोन करत असतो. तिचा विषय निघाला की मी पूर्वीपेक्षा जास्त चिडतो.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. विहारातून आम्ही दोघं घरी निघालो. बाप पुढं गेला होता. ती नेहमीसारखी चालत होती, काही घडलंच नाही अशी. मला तिच्या कॉलेजबद्दल इतकंच माहीत होतं की लग्नाआधी ती मुरबाडला एसटीनं जायची. 'मिसेसचं कॉलेज झालंय,' असं मी युनिटमध्ये सांगायचो. झालंय म्हणजे किती झालंय, हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मी तिला विचारलं नाही.

"कुठले सहा?" मी म्हटलं.

"काय?"

"पेपर. कुठले राहिले?"

तिनं चालता चालता सांगितले. मध्ययुगीन भारत. समकालीन भारत. पुरातत्त्वाची ओळख. मराठ्यांचा इतिहास. समकालीन जग. इतिहास आणि माध्यमं. क्रमानं, न अडखळता, आमच्याकडं जवान आपला नंबर सांगतो तसे. तिचा विषय इतिहास होता, हे मला लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

"तू मला कदी बोलली नायस," मी म्हटलं.

"बोलले होते. लग्नानंतर जूनमदी, तुमी सुट्टी संपवून निघालात तवा. आईंना उठता येत नव्हतं, घरी कोन बघनार, म्हनून तुमी बोललात, पुढच्या वर्सी बघू."

मी घरापर्यंत आठवून बघितलं. घरी गेल्यावरही बघितलं. ती सुट्टी आठवली, आईची खाट आठवली, निघतानाचा पाऊस आठवला. ते वाक्य काही केल्या आठवेना. पण तिनं ते म्हणून दाखवलं तेव्हा आवाज माझाच होता.